शेजारच्या पानावर सांडलेलं

जांभेगाळी, ता. खानापूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. दर्शनी,

तुझ्या शालनआक्काला पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इथं फोनला रेंज नाही हे तुला ठाऊकच आहे. वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरकडं हे देते आहे. उद्यमबागेत तुझ्या कंपनीत पोचवीन म्हणालाय.

उन्हाळ्यात तुमच्या कंपनीनं आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या पत्र्यावर एक पांढरं खोकं बसवलं आणि दुसरं मराठी शाळेच्या कौलांवर. दोन्हींची तोंडं टेकडीवरच्या खांबाकडं, तिथं तिसरं खोकं आहे. माझ्या खोक्यातून खानापूरच्या डॉक्टरबाई पडद्यावर येतात, दुसरं काही त्यात उघडत नाही. शाळेच्या खोक्यातून मुलांचा कानडीचा तास येतो. शाळेला मास्तर एकच, समर्थ सर, आणि त्यांचं कानडी बाजारापुरतं.

आता ऐक. सकाळी माझं खोकं झकास चालतं. शाळेनं त्यांचं सुरू केलं की माझ्या डॉक्टरबाई गायब! काल राजश्री आली होती, रुक्माबाईची सून. पहिलटकरीण, सातवा लागलाय, आणि रक्तदाब चढतोय. डॉक्टरबाई तिला विचारत होत्या, "डोकं दुखतं का गं?" तिनं तोंड उघडलं आणि पडदा काळा. मी तशीच शाळेत गेले. तिथं पोरं आरामात गाणं म्हणत होती, कानडीतलं. मी समर्थ सरांना म्हटलं, "सर, तुमचं गाणं महत्त्वाचं की माझी गरोदर बाई?" ते म्हणाले, "सिस्टर, मी तुमच्या खोक्याला हातसुद्धा लावलेला न्हाय."

पंचायतीचे आण्णाप्पा म्हणतात, शाळेचं खोकं काढून टाका. मीही हो म्हटलंय. तुझ्या साहेबांना सांग, माणूस पाठवा आणि काढून न्या.

तुझी,
शालनआक्का

---

बेळगाव
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय आक्का,

पत्र मिळालं. कंडक्टरमामांनी गेटवरून मोठ्यानं हाक मारली, सगळी कंपनी बाहेर आली.

शाळेचं खोकं काढू नका. माझं ऐक, थोडी कळ काढ.

तुझ्या तक्रारीबद्दल नागेंद्र सरांना विचारलं. ते आमचे सीनियर, या खोक्यांचा पहिला प्रोग्राम त्यांनीच लिहिला. ते म्हणाले, "टेकडीवरच्या खोक्याला दोघांचा भार पेलत नसंल. शाळेचं बंद करा, प्रश्न मिटला." मला ते पटलं नाही. दोनच तर आहेत! मी टेबलावर तीन खोकी मांडली, एक टेकडीचं समजून, एक तुझं, एक शाळेचं. तुझं जोडलं, चाललं. शाळेचं जोडलं आणि तुझं पडलं. अगदी तू लिहिलंस तसंच.

मग आतला ड्रायव्हर वाचत बसले. (ड्रायव्हर म्हणजे बसचा नव्हे गं, वायरलेसची चिप चालवणारा प्रोग्राम.) दोष सापडला. टेकडीवरच्या खोक्यात जोडलेल्या प्रत्येकाची खासगी माहिती ठेवायला एक जागा असते. ती जागा लहान पडते आणि एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या जागेत सांडते. बस, एवढंच.

समर्थ सरांचा काही दोष नाही, हे आण्णाप्पांना सांग. मी हे नीट करूनच थांबणार आहे. घाईत लिहिते आहे, मामांची गाडी सुटायची वेळ झाली.

तुझी,
दर्शनी

---

जांभेगाळी
१६ ऑक्टोबर २०२४

दर्शनी,

"बस, एवढंच" असं लिहितेस? खासगी माहिती शेजाऱ्याकडं सांडते आणि तुला ते एवढंसं वाटतं?

तुला कल्पना आहे का, बायका माझ्याकडं काय काय सांगतात? नवऱ्याला माहीत नसतं, सासूला माहीत नसतं, ते मला माहीत असतं. डॉक्टरबाईंना ते मी पडद्यावर सांगते. ते सगळं शाळेच्या पडद्यावर जात होतं?

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा खोक्याची वायर ओढून काढली. मग शाळेत गेले. तिथं पालकांची बैठक चालली होती. मला राग आवरला नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आमच्या बायकांची माहिती तुमच्या पडद्यावर येते का? खरं सांगा." समर्थ सर पांढरेफटक पडले. म्हणाले, "सिस्टर, काय बोलताय तुम्ही?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता केंद्रात कुणी येत नाही. राजश्री तपासणीच्या दिवशी आली नाही. मी निरोप पाठवला तर तिची सासू रुक्माबाई स्वतः आली आणि दारातूनच बोलली, "आमच्या सुनंचं सगळं शाळंत दिसतंय म्हणं. आमी न्हाय येणार आता. आमच्या वेळंला कुठं हुती ही खोकी? झालीच की पोरं."

राजश्रीनं मला एक गोष्ट विश्वासानं सांगितली आहे. तिला न विचारता मी ती डॉक्टरबाईंनाही सांगितलेली नाही, तुलाही लिहिणार नाही. पण ती पोर आता काय विचार करत असेल?

मला सरळ उत्तर हवंय. सांडलं की नाही?

शालन

---

बेळगाव
१९ ऑक्टोबर २०२४

आक्का,

नाही. राजश्रीचा, कुणाचाही एक शब्द शाळेत गेलेला नाही. हे आधी वाच, मग बाकीचं.

चूक माझ्या शब्दाची. आमच्यात "खासगी" म्हणजे माणसांची माहिती नव्हे. ड्रायव्हरनं स्वतःपुरत्या ठेवलेल्या नोंदी. हा वेग, ही अँटेना, माहितीची इतकी पाकिटं गेली, असलं काहीतरी. तुला वाचायला दिलं तर तू जांभया देशील. तुमचं बोलणं खोक्यातून जाताना कुलपात असतं आणि ते कुलूप या जागेत नसतं. पण तू विचारलंस म्हणून मी ते गृहीत धरलं नाही. पुन्हा तपासून पाहिलं, आणि आता लिहिते आहे.

आपल्या उचगावच्या देवळातली पंगत डोळ्यासमोर आण. पंगत मांडणारा एकच, सगळ्यांचा. वायरलेसचंही तसंच आहे. जगभरच्या कंपन्या मिळून एक सामाईक प्रोग्राम वापरतात, पंगत तो मांडतो. नवं कुणी जोडलं गेलं की तो एक पान मांडतो. पानाचा वरचा भाग सगळ्यांचा सारखा, मीठ, लोणचं. खालचा भाग प्रत्येक ड्रायव्हरच्या मर्जीचा, तिथं त्यानं स्वतःचं वाढावं. फक्त आधी सांगायचं, "मला एवढी जागा लागेल."

आमच्या ड्रायव्हरनं सांगितली ती जुन्या चिपची जागा. नवी चिप जास्त वाढते. पंगतीत तू एकटी असलीस तर जास्तीचं बाजूच्या फरशीवर पडतं, कुणाला कळत नाही. शाळेचं पान शेजारी आलं की त्यांचं सांबार तुझ्या पानावर येतं, आणि तुझं मीठ-लोणचं पुसून जातं. खोक्याला तू कोण तेच आठवत नाही. म्हणून डॉक्टरबाई जातात.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या रागामुळं मी सगळं पुन्हा वाचलं आणि आणखी एक दोष सापडला. कुणी पंगतीतून उठून गेलं तरी आमचा वाढपी, म्हणजे ड्रायव्हर, त्या जागी वाढतच राहतो. तिथं नवा माणूस येऊन बसला तरी! तू रागावली नसतीस तर हे राहून गेलं असतं.

नागेंद्र सरांशी काल भांडण झालं. त्यांचं म्हणणं, सामाईक प्रोग्राममध्येच आपल्यापुरती जागा वाढवून टाकू, एका दिवसाचं काम. मी म्हटलं, "सर, मग त्याची प्रत्येक नवी आवृत्ती आली की आपण पुन्हा ते उकरत बसायचं? आपली गरज आपल्या ड्रायव्हरनं सांगावी. सगळ्यांची पंगत कशाला मोडायची?" ते म्हणाले, "दर्शनी, बेडा. नको. जुनी खोकी बंद पडली तर लोक मला फोन करतात, तुला न्हाय." आवाज चढले. आमचे मालक श्रेयांस अण्णा केबिनमधून बाहेर आले. निपाणीच्या तंबाखूच्या पेढीवर वाढलेला माणूस, आरडाओरड्याला बिचकत नाही. दोघांचं उभ्यानं ऐकलं आणि मला म्हणाले, "तुझ्या पद्धतीनं कर. पण टेबलावर चाललं म्हणून मी मानणार न्हाय. जांभेगाळीत चालवून दाखव."

खोक्याची वायर परत लाव, आक्का. राजश्रीला सोडू नकोस.

तुझी,
दर्शनी

---

जांभेगाळी
२७ ऑक्टोबर २०२४

चि. दर्शनी,

वायर लावली. पंगत कळली. तू आधीच असं लिहिलं असतंस तर इतका तमाशा झाला नसता, पण मीही विचारायच्या आधी पळत सुटले.

पहिल्यांदा शाळेत गेले. पोरं बसलेली होती. त्यांच्यासमोरच म्हटलं, "सर, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चार लोकांत घेतला, म्हणून चार लोकांतच सांगते." समर्थ सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, पेशंट असला की निरोप द्या. तेवढा वेळ मी आमचं बंद ठेवतो." मी म्हटलं, पोरांचा कानडीचा तास बुडेल. म्हणाले, "बुडतोय खरा. किती दिवस बुडवायचा ते तुमच्या बहिणीला विचारा."

विचारलं बघ.

राजश्रीकडं गेले तर घरात कुणी नव्हतं. सुगीचे दिवस, सगळे भातावर. बांधावरून चालत शेतात गेले. रुक्माबाई विळा घेऊन वाकलेली, तिनं मान वर केली नाही. राजश्री पेंढ्या उचलत होती. तिचे पाय बघितले. सुजून टम्म. मी तिथंच चिखलात बसून तिचा रक्तदाब बघितला. लई चढला होता.

रुक्माबाईला म्हटलं, "मावशी, शाळेत काही दिसलेलं नाही. माझी चूक झाली, मी नीट समजून घेतलं नाही. पण हिचे पाय खोटं बोलत नाहीत."

"पाय सगळ्यांचं सुजत्यात."

"सगळ्यांचे सुजतात. पण सगळ्यांचा रक्तदाब असा नसतो. उद्या मी इथं येऊन बसणार, परवाही येणार. तुम्ही हिला पाठवेपर्यंत रोज येणार."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "येत जा. विळा आणत जा येताना."

मी गेले, दर्शनी. दोन्ही दिवस गेले आणि भातही कापलं. तिसऱ्या दिवशी रुक्माबाई स्वतःच सुनेला घेऊन केंद्रात आली. समर्थ सरांना निरोप धाडला, त्यांनी त्यांचं बंद केलं, आणि डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या. पण राजश्री त्यांच्याशी मोकळं बोलत नाही. सासू शेजारी असते, आणि पडद्यावर तिचा अजून भरवसा बसलेला नाही.

पंचायतीच्या सभेत आण्णाप्पांनी पुन्हा काढलं, शाळेचं खोकं काढायचं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "काढायचं तर आधी माझं काढा." शेवटी पुढच्या सभेपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर तुझं काम होऊ दे.

तुझी,
शालनआक्का

---

बेळगाव
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्का,

उशीर झाला, कारण पहिला प्रयत्न फसला.

मी दुरुस्ती लिहिली. आमचा ड्रायव्हर आता आपल्या पानाची खरी जागा सांगतो, आणि दारातच एक तपासणी ठेवली. सांगितलेल्या जागेपेक्षा जास्त वाढायचा बेत असेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. माणूस पंगतीत बसायच्या आधीच चूक पकडायची. आमच्या दोषाची माहिती आणि दुरुस्ती मी सामाईक प्रोग्रामची राखण करणाऱ्यांना पाठवली. ते कुठकुठल्या देशांतले लोक, ओळख ना पाळख. त्यातल्या एका बाईनं परत पाठवली. लिहिलं होतं, "एका दुरुस्तीत दोन कामं आहेत, वेगळी करा. आणि जुन्या चिपवर चालवून पाहिलंत का?"

मी पाहिलं नव्हतं. नागेंद्र सरांना तोंड दाखवायची लाज वाटली, पण गेले. त्यांनी कपाटातून जुनं खोकं काढलं, त्यात माझा प्रोग्राम घातला, आणि खोकं सुरूच होईना. सदलग्याकडच्या दूध डेअऱ्यांत अशी जुनी खोकी आहेत, ती सगळी मी एका फटक्यात बंद पाडली असती. सर म्हणाले, "ह्याचीच मला भीती होती. तू ऐकत नव्हतीस." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

घोळ असा की मी दारावरच्या तपासणीत सगळ्यांना नव्या चिपचंच माप लावलं होतं. प्रत्येक चिपनं आपापलं माप सांगायला हवं. सरांनी जुन्या चिपचं लिहिलं, मी नव्या चिपचं. उठून गेलेल्याच्या पानावर वाढणं बंद करायचं, ते वेगळं केलं. दोघांनी मिळून जुनं-नवं आलटून पालटून जोडलं, तोडलं, पुन्हा जोडलं. एकदाही पडलं नाही.

मंगळवारी मी आणि सर सकाळच्या गाडीनं जांभेगाळीत येतो आहोत. टेकडीवर चढायला कुणीतरी वाट दाखवणारं हवं. समर्थ सरांना सांग, त्या दिवशी तास बंद ठेवू नका. उलट जोरात चालवा. आणि तूही डॉक्टरबाईंना लाव.

सर विचारतात, तुमच्याकडं तांदळाची भाकरी मिळेल का. मी हो म्हणून बसले आहे.

तुझी,
दर्शनी

---

बेळगाव
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्का,

जांभेगाळीहून परतताना बसमध्ये नागेंद्र सर खिडकीला डोकं टेकून झोपले होते. जागे झाल्यावर म्हणाले, "तिकडं पोरं गात हुती आणि हिकडं डॉक्टरबाई बोलत हुत्या. दोन्ही एकदम ऐकलं मी." एवढंच बोलले, पण हसत होते.

टेकडीवर समर्थ सर माझ्यासाठी लॅपटॉप डोक्यावर धरून चढले, ते मी विसरणार नाही. उतरताना त्यांनी मला हळूच विचारलं, "आता पुन्हा बंद करायला लागणार न्हाय ना?" मी नाही म्हटलं. माझ्या शब्दावर ते लगेच समाधानी झाले तेव्हा मला जास्तच धाकधूक वाटली. रोज काय होतं ते लिहीत राहा. चांगलं असलं तरी लिही.

बातमी आहे. सामाईक प्रोग्रामच्या लोकांनी आमची दुरुस्ती घेतली. खाली दोघांची नावं आहेत, सरांचं आणि माझं. त्याच बाईनं शेवटी लिहिलंय की आणखी एका ड्रायव्हरमध्ये हाच दोष सापडला. श्रेयांस अण्णांनी ठरवलंय, आपल्या सगळ्या गावांतल्या खोक्यांत हाच प्रोग्राम जाईल आणि कुणाची शाळा तोडायची नाही. घरी आप्पांना फोन केला तर ते विचारतात, "म्हणजे नक्की काय केलंस?" मी म्हटलं, पंगत मांडली.

राजश्री कशी आहे?

तुझी,
दर्शनी

---

जांभेगाळी
८ डिसेंबर २०२४

चि. दर्शनी,

राजश्रीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता पहिल्यापासून सांगते.

गेल्या सोमवारी सकाळी तिचा नवरा पळत आला. डोकं फुटायला लागलंय, समोर अंधूक दिसतंय म्हणाला. बैलगाडीतून तिला केंद्रात आणलं. रक्तदाब बघितला, भलताच चढलेला. डॉक्टरबाईंना लावलं. शाळेत तास चालू होता. मी निरोप पाठवला नाही. क्षणभर वाटलं होतं पाठवावा, पण तुझ्यावर भरवसा ठेवला.

डॉक्टरबाई आल्या आणि राहिल्या. त्यांनी विचारलं, "हिला आधी कधी काही झालं होतं का? लहानपणी, माहेरी?" राजश्रीनं सासूकडं बघितलं. मी रुक्माबाईला म्हटलं, "मावशी, जरा बाहेर थांबा." ती थांबली. मी दार ओढून घेतलं. राजश्री म्हणाली, "आक्का, शाळंत जाणार न्हाय न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय. मी सांगते तुला, न्हाय." आणि तिनं पडद्याकडं बघून, स्वतःच्या तोंडानं, ती गोष्ट डॉक्टरबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." कोणतं इंजेक्शन, किती, कुठं द्यायचं ते त्यांनी मला एकेक सांगितलं. मी देत गेले, त्या बघत राहिल्या. त्यांनीच तिकडून १०८ची गाडी सोडली आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्याला सगळं आधी कळवून ठेवलं.

गाडी घाटाच्या वळणावर अडकली, तिथं एक झाड आडवं होतं. समर्थ सरांनी वरच्या वर्गातली मोठी पोरं आणि गावातली माणसं घेऊन ते बाजूला केलं. मी राजश्रीबरोबर बेळगावपर्यंत गेले. सिझेरियन झालं. मुलगी लहान आहे, पण आवाज असा, की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या.

पंचायतीची सभा झाली. आण्णाप्पांनी खोक्याचा विषय काढलाच नाही. मीच काढला. म्हटलं, अंगणवाडीलाही एक बसवून घ्या. ठराव झालाय, तुझ्या कंपनीकडं येईल. आळस करू नका.

बायका परत यायला लागल्या आहेत, पण एकदम नाही. एक येते, बघून जाते, मग दुसरीला घेऊन येते. मी घाई करत नाही. मला वेळ आहे.

आज दुपारी केंद्र बंद करायला उठले तर दारात रुक्माबाई. मला वाटलं नातीच्या डोसाबद्दल विचारायला आली असेल. ती आत आली, बाकावर बसली, पदर नीट केला. पडद्याकडं बोट करून म्हणाली, "ती डॉक्टरीण हाय का आता?"

म्हटलं, "लावते. काय झालं, मावशी?"

तिनं उघड्या दाराकडं बघितलं. एवढ्या वर्षांत या बाईनं माझ्याकडून कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतलेली नाही.

मग म्हणाली, "लई दिस झालं, कुणाला बोललो न्हाय. मालकाला बी न्हाय. तू दार लाव आधी."

मी दार लावलं.

तुझी,
शालनआक्का